परिचारिका एडिथ कॅव्हेल

लंडन शहराच्या पूर्व भागात व्हाइटचॅपेल नावाची वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही वस्ती गोदीतील हमाल, लहानसहान कारागीर आणि परदेशांतून आलेले निर्वासित यांनी गजबजलेली होती. दारिद्र्य, दाटी व रोगराई यांनी तेथे कायमचे ठाणे दिले होते. या वस्तीतच लंडन हॉस्पिटल हे प्रचंड रुग्णालय उभे होते. परिचारिकांना शिक्षण देण्याची तेथे व्यवस्था होती. ईव्हा ल्यूक्स नावाच्या एक करारी बाई त्या शिक्षणाच्या प्रमुख होत्या. शिकावयास आलेल्या प्रत्येक विद्यार्थिनीविषयी आपले मत त्या नोंदवून ठेवीत.

१८९६ साली दाखल झालेल्या एका विद्यार्थिनीविषयी त्यांनी जी नोंद केली, ती फारशी चांगली नव्हती. मनावर घेतले तर काम करण्याची कुवत हिच्या अंगी आहे. परंतु कामात हिचे मन पुरतेपणी नाही, वेळ पाळणे हिला ठाऊक नाही आणि हिच्यावर सर्वस्वी भिस्त ठेवता येत नाही, असा त्या नोंदीचा आशय होता. त्या विद्यार्थिनीचे नाव एडिथ कॅव्हेल.

एडिथचा जन्म ४ डिसेंबर १८६५ रोजी इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील स्वार्डेस्टन या लहानशा खेड्यात झाला. तिचे वडील त्या गावचे धर्मोपदेशक होते. चार भावंडांत एडिथ थोरली. घरची राहणी साधी आणि वळण कडक. वडिलांचे उत्पन्न बेताचेच होते. तरी रविवारच्या जेवणातील काही भाग शेजारच्या गोरगरिबांच्या घरी पोचविण्याचा त्या घराचा परिपाठ असे. एडिथला चित्रे काढण्याचा फार नाद होता. शेताच्या बांधावरची रानफुले, ओढे, पाखरे ती हौसेने रंगवी. हा नाद पुढे गावाच्या उपयोगी पडला. गावातील मुलांच्या धार्मिक शिक्षणासाठी एक खोली बांधावयाची होती. पण पैसा नव्हता. एडिथने थेट नॉरिचच्या बिशपांना पत्र लिहिले. गावाने आपला वाटा उभा केला, तर आपण मदत करू, असे त्यांनी कळविले. तेव्हा एडिथने व तिच्या बहिणीने चित्रांची कार्डे रंगवून ती विकण्यास प्रारंभ केला आणि सुमारे तीनशे पौंड जमविले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. खोली उभी राहिली.

शिक्षण संपल्यावर एडिथने पोटापाण्यासाठी मुलांना घरी शिकविण्याचे काम पत्करले. १८९० पासून पाच वर्षे ती बेल्जियम देशाच्या राजधानीत, ब्रुसेल्स येथे, एका वकिलाच्या घरी मुलांची शिक्षिका म्हणून राहिली. तेथे ती फ्रेंच भाषा उत्तम बोलू लागली. १८९५ मध्ये वडील आजारी पडल्याचे कळताच ती घरी परतली व त्यांच्या उशाशी बसून तिने त्यांची शुश्रूषा केली. वडील बरे झाले. त्या दिवसांत तिने आपल्या पुढील आयुष्याचा निर्णय घेतला. आपण परिचारिका व्हावयाचे, असे तिने ठरविले.

हा निर्णय घेतला तेव्हा तिने तिशी गाठली होती. पंचविशीच्या आतील मुलींना जे कष्ट सहज सोसतात, ते तिशीत अंगावर येतात. लंडन हॉस्पिटलमधील विद्यार्थिनींचा दिवस सकाळी सात वाजता सुरू होई आणि रात्री नऊ वाजता संपे. मध्ये दुपारच्या जेवणासाठी अर्धा तास मिळे. एवढ्या श्रमांबद्दल वर्षाकाठी दहा पौंड हातावर पडत. रोग्यांना आंघोळ घालणे, जखमा धुणे, अंथरुणे बदलणे, दोन खाटांमधून दिवसभर येरझारा घालणे आणि हे सर्व करीत असता शरीरशास्त्राची व औषधांची माहिती डोक्यात साठविणे, असे ते शिक्षण होते. ज्या रोग्याला सकाळी पाणी पाजले, त्याची खाट संध्याकाळी रिकामी दिसावी, असेही घडे. तरी चेहऱ्यावर त्याची छाया पडू न देता पुढच्या खाटेकडे जावे लागे. अशा जीवनक्रमात एखाद्या विद्यार्थिनीचे पाऊल सकाळी जड झाले आणि तिला कामावर पोचण्यास उशीर झाला, तर त्याचे नवल वाटावयास नको. परंतु रुग्णालयाचे घड्याळ कोणासाठी थांबत नाही. रात्रपाळी केलेली परिचारिका आपल्या जागी दुसरी येण्याची वाट पाहत ताटकळत असते आणि रोग्याचे औषध ठरल्या वेळीच द्यावे लागते. ल्यूक्सबाई कठोर होत्या हे खरे. त्या अन्यायी होत्या असे मात्र म्हणता येत नाही.

शिक्षण सुरू होऊन वर्ष उलटले, तोच १८९७ च्या शरद ऋतूत केंट परगण्यातील मेडस्टन या गावी विषमज्वराची भयंकर साथ उद्भवली. पिण्याच्या पाण्यात घाण मिसळल्यामुळे हा रोग घरोघर पसरला. अठराशेहून अधिक माणसे अंथरुणास खिळली. लंडन हॉस्पिटलने आपल्या परिचारिका तिकडे धाडल्या. त्यांत एडिथ होती. विषमज्वरावर त्या काळी रामबाण औषध नव्हते. आठवडेच्या आठवडे ताप हटत नसे. रोग्याचे अंग पुसून ताप उतरविणे, पातळ अन्न थोडे थोडे भरविणे, अंथरूण स्वच्छ राखणे आणि रोग दुसऱ्याला लागू नये म्हणून पाण्याच्या प्रत्येक थेंबाची काळजी घेणे, हाच उपचार. म्हणजे वैद्याहून अधिक भार परिचारिकेवरच होता. त्या साथीत १३२ माणसे दगावली. बाकीची बरी होऊन उठली. मेडस्टनच्या नागरिकांनी परिचारिकांना कृतज्ञतेने पदके दिली. त्यांतील एक एडिथला मिळाले. ल्यूक्सबाईंनीही मेडस्टन येथील तिच्या चांगल्या कामाची नोंद न विसरता केली. कामात मन नाही असे जिच्याविषयी म्हटले गेले, तिने सर्वांत अवघड जागी मन लावून काम केले होते.

यानंतरची काही वर्षे गाजावाजा न होता गेली. सेंट पॅन्क्रस व शोरडिच येथील गरिबांच्या रुग्णालयांत तिने जबाबदारीची पदे सांभाळली. मँचेस्टर येथे घरोघर जाऊन गोरगरीब रोग्यांची सेवा केली. पद वाढत गेले, तशी तिच्या स्वभावातील शिस्तही वाढत गेली. १९०७ साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, तिला ब्रुसेल्सहून बोलावणे आले.

ब्रुसेल्समध्ये अंत्वान दपाज नावाचे नामांकित शल्यवैद्य होते. शस्त्रक्रियेचे शास्त्र किती पुढे गेले, तरी शस्त्रक्रियेनंतर रोग्याची निगा राखणारे हात शिकलेले नसतील तर सारे व्यर्थ, हे त्यांनी जाणले होते. त्या वेळी बेल्जियममधील रुग्णालयांत शुश्रूषेचे काम बहुतेक ठिकाणी जोगिणी करीत. त्यांची सेवावृत्ती मोठी होती. पण नव्या वैद्यकशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांना मिळालेले नसे. म्हणून दपाज व त्यांची पत्नी मारी यांनी परिचारिकांची एक शाळा काढण्याचे ठरविले. तिच्या प्रमुखपदासाठी इंग्लंडमध्ये शिकलेली आणि फ्रेंच जाणणारी परिचारिका त्यांना हवी होती. एडिथ कॅव्हेल यांची निवड झाली. क्युल्त्यूर नावाच्या रस्त्यावरील एकमेकांस लागून असलेल्या चार घरांत १ ऑक्टोबर १९०७ रोजी ही शाळा सुरू झाली. विद्यार्थिनी होत्या अवघ्या चार.

विद्यार्थिनी मिळणे हीच पहिली मोठी अडचण होती. चांगल्या घरच्या मुलीने पोटासाठी काम करणे म्हणजे कुळाला बट्टा, अशी तेथील मध्यम वर्गाची समजूत होती. परक्या माणसाच्या अंगाला हात लावून सेवा करणे तर त्याहून हलके मानले जाई. आपल्याकडेही परिचारिकेच्या शिक्षणासाठी पुढे आलेल्या स्त्रियांना पूर्वी असेच टोमणे ऐकावे लागले आहेत. ज्या मुली येत, त्यांना घरच्यांची नाराजी, अनोळखी काम आणि परदेशी बाईंची शिस्त ही तिन्ही एकदम सोसावी लागत. निळा पोशाख, पांढरे एप्रन आणि पांढऱ्या कॉलरी अशा वेषातील या मुली जोगिणींच्या जाड, काळ्या वस्त्रांशेजारी अगदी वेगळ्या दिसत आणि रस्त्याने जाताना लोक वळून पाहत.

एडिथबाई मितभाषी होत्या. त्या क्वचितच हसत. सकाळच्या न्याहारीस बसताना त्या आपले घड्याळ काढून समोर टेबलावर ठेवीत. एखादी विद्यार्थिनी दोन मिनिटांहून अधिक उशिरा आली, तर तिला आपल्या मोकळ्या वेळातील दोन तास जादा काम करावे लागे. लंडनला उशिरा येणारी विद्यार्थिनी म्हणून जिची नोंद झाली, तीच ही बाई, हे त्या मुलींना ठाऊक असते तर त्यांना केवढे आश्चर्य वाटले असते! शिस्त मात्र एकेरी नव्हती. संध्याकाळी बाई मुलींबरोबर बसून त्यांच्याशी बोलत. त्यांच्या अडचणी, त्यांचा अभ्यास, त्यांचे पुढील आयुष्य यांविषयीचे हे बोलणे मुलींना हवेसे वाटे. चुकलेल्या मुलीला त्या शिक्षा करीत. पण तिला टाकून देत नसत. कोठून तरी आलेल्या एका भटक्या कुत्र्यालाही त्यांनी आश्रय दिला होता. त्याचे नाव जॅक. बाईंखेरीज इतरांशी त्याचे फारसे जमत नसे.

हळूहळू लोकांचे मत पालटू लागले. बेल्जियमच्या राणी एलिझाबेथ यांचा हात मोडला, तेव्हा त्यांनी शुश्रूषेसाठी याच शाळेतील परिचारिका बोलावून घेतली. ज्या कामाला राजवाड्याचे दार उघडले, ते हलके कसे म्हणावे, असा प्रश्न घरोघरच्या आईबापांना पडला असेल! १९१२ पर्यंत ही शाळा तीन रुग्णालयांना, चोवीस शाळांना आणि तेरा बालवाड्यांना परिचारिका पुरवू लागली. जागा अपुरी पडू लागली, म्हणून नव्या इमारतीची योजना आखण्यात आली आणि बाई तिच्या बांधकामाकडे लक्ष देऊ लागल्या.

१९१४ च्या उन्हाळ्यात एडिथबाई आपल्या वृद्ध आईला भेटण्यासाठी इंग्लंडला गेल्या होत्या. बागेतील तण काढीत असता महायुद्धाची बातमी त्यांच्या कानी आली. घरच्यांनी त्यांना राहण्याचा आग्रह केला; परंतु अशा वेळी आपली गरज शाळेला अधिक आहे, असे म्हणून त्या ३ ऑगस्टला ब्रुसेल्सला परतल्या. २० ऑगस्टला जर्मन सैन्य शहरात शिरले. शाळेच्या जागी रेडक्रॉसचे रुग्णालय झाले. जखमी कोणत्याही राष्ट्राचा असो, त्याची शुश्रूषा सारख्याच आस्थेने करावयाची, अशी बाईंनी आपल्या मुलींना ताकीद दिली आणि जर्मन जखमींच्या बाबतीतही ती पाळली गेली.

त्या वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात, आपल्या तुकडीपासून ताटातूट झालेले दोन इंग्रज सैनिक लपतछपत शाळेच्या दारी आले. बाईंनी त्यांना आत घेतले. मग आणखी काही आले. फिलिप बोक नावाचे एक स्थापत्यकार व इतर काही बेल्जियन देशभक्त यांच्या साहाय्याने अशा माणसांना गुपचूप हॉलंडच्या सरहद्दीपार पोचविण्यात येऊ लागले. हॉलंड युद्धापासून अलिप्त होते. शत्रूच्या सैनिकांना आश्रय देणाऱ्यास मृत्युदंड होईल, असे जर्मन अधिकाऱ्यांनी जाहीर केले होते. बाईंना ते ठाऊक होते. ही माणसे आपण दाराबाहेर घालविली, तर ती पकडली जातील व कदाचित मारली जातील, एवढाच विचार त्यांनी केला. सुमारे दोनशे माणसांना त्यांनी अशी मदत केली. शाळेचे काम मात्र चालूच ठेवले. वरच्या मजल्यावर शरीरशास्त्राचा पाठ चालावा आणि तळघरात अनोळखी माणसे श्वास रोखून बसलेली असावीत, असे दिवस त्या घराने पाहिले. विद्यार्थिनींवर संकट येऊ नये म्हणून बाई त्यांना या गोष्टींपासून शक्य तितके दूर ठेवीत.

१९१५ च्या मे महिन्यात आणखी एक आघात झाला. शाळेच्या संस्थापिका मारी दपाज युद्धातील जखमींसाठी निधी जमविण्यास अमेरिकेस गेल्या होत्या. परत येत असता ७ मे रोजी जर्मन पाणबुडीने त्यांची आगबोट लुसिटानिया बुडविली आणि त्यांत त्यांचा अंत झाला. ५ ऑगस्टला एडिथबाईंना अटक झाली व त्यांना सँ-जिलच्या तुरुंगात ठेवण्यात आले. विचारणा होताच त्यांनी आपण केले ते सर्व सांगून टाकले. खोटे बोलून सुटका करून घेण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. त्यांच्या सरळपणाचा इतरांनाही त्रास झाला, असे काहींचे मत आहे, आणि ते अगदीच निराधार नाही. परंतु आयुष्यभर खोटे न बोललेल्या माणसाला ती कला आयत्या वेळी साधत नाही.

तुरुंगात असता विद्यार्थिनींनी त्यांना पत्र व फुले पाठविली. त्या फुलांत गुलाब होते आणि शेवंती होती. १४ सप्टेंबरला बाईंनी त्यांना उत्तर लिहिले. गुलाब अजून ताजे आहेत. शेवंतीला मात्र आपल्याप्रमाणेच तुरुंग मानवला नाही, असे त्यांनी थोड्या विनोदाने कळविले. मग त्या नेहमीच्या विषयाकडे वळल्या. काही जणींची परीक्षा जवळ आली होती. त्यांनी चांगला अभ्यास करावा, त्या उत्तीर्ण व्हाव्यात अशी आपली फार इच्छा आहे, असे त्यांनी लिहिले. नवे वर्ग लवकरच सुरू होतील, त्यांचा लाभ घ्यावा आणि शिक्षकांना वाट पाहावी लागू नये म्हणून वर्गास वेळेवर जावे, असेही त्यांनी बजाविले. चांगल्या परिचारिकेला फार धीर लागतो व तो येथे शिकावयास मिळतो, असे कोठडीत बसलेल्या या बाईंनी कळविले.

७ व ८ ऑक्टोबरला लष्करी न्यायालयापुढे पस्तीस जणांची चौकशी झाली. ११ ऑक्टोबरला पाच जणांना मृत्युदंड सांगण्यात आला. त्यांत एडिथबाई आणि फिलिप बोक होते. अमेरिकेच्या व स्पेनच्या वकिलातींनी त्या रात्री धावपळ करून दयेची याचना केली, ती फुकट गेली. रात्री भेटीस आलेल्या धर्मोपदेशकापाशी बाईंनी मन मोकळे केले. केवळ देशावर प्रेम असून भागत नाही, आपल्या मनात कोणाविषयीही द्वेष वा कटुता राहता कामा नये, असा त्यांच्या बोलण्याचा भाव होता. १२ ऑक्टोबर १९१५ च्या पहाटे त्यांना व बोक यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्यांचे वय एकोणपन्नास होते. बाकीच्या तिघांची शिक्षा पुढे सौम्य करण्यात आली. या बातमीने जगभर संताप उसळला. इंग्लंडमध्ये त्यांचे नाव सांगून लोकांना सूड घेण्यासाठी सैन्यात बोलाविण्यात आले. जिने मनात द्वेष ठेवला नाही, तिचे नाव या कामी वापरले गेले, हे चमत्कारिकच म्हणावयाचे. १९१९ मध्ये त्यांचा देह इंग्लंडला आणून नॉरिचच्या मोठ्या चर्चच्या आवारात पुरण्यात आला. लंडनमध्ये त्यांचा पुतळा उभारला गेला आणि १९२४ मध्ये शेवटच्या रात्रीचे त्यांचे ते बोल त्यावर कोरण्यात आले.

मरणापूर्वी दोन दिवस, १० ऑक्टोबरला, बाईंनी आपल्या परिचारिकांना आणखी एक पत्र लिहिले होते. शाळा सुरू झाली तेव्हा तुम्ही चौघीच होता, आता पन्नाससाठ जणी झाल्या आहात, याची त्यांनी त्यात आठवण दिली. संध्याकाळच्या गप्पांचाही उल्लेख केला. आपण कधी कधी फार कडक वागलो, क्वचित अन्यायही केला असेल. परंतु तुम्हाला वाटते त्याहून आपले तुमच्यावर अधिक प्रेम होते, असे सांगून त्यांनी मुलींची क्षमा मागितली.

बाई तुरुंगात असतानाच शाळेने क्युल्त्यूर रस्त्यावरील जुनी घरे सोडली होती. मुलींनी खाटा, पुस्तके व कपाटे नव्या इमारतीत हलविली होती. ती इमारत बाईंनी आधी कागदावर आणि मग वीट वीट चढताना पाहिली होती. तिच्यात राहण्याचा योग मात्र त्यांना आला नाही. तेथील रस्त्याला पुढे एडिथ कॅव्हेल यांचे नाव देण्यात आले.